आठ वाजले, गोळ्या घेतल्या का?

मुलांनो, आज आधी एक कोडं. माणसाच्या शरीरात मूत्रपिंडं किती असतात?

"दोन!" तुम्ही एका सुरात ओरडलात, ते मला इथपर्यंत ऐकू आलं. शाब्बास! पण उत्तर अजून पूर्ण झालं नाही बरं का. काही माणसांच्या पोटात तीन मूत्रपिंडं असतात, आणि गंमत म्हणजे त्या तिघांपैकी खरं काम करतं एकटं तिसरंच! असा माणूस कदाचित तुम्ही पाहिलाही असेल. तुमच्या शेजारून सायकलवर गेला असेल, बसमध्ये तुमच्यापुढे उभा असेल. तुम्हाला पत्ताही लागला नसेल.

ज्याच्यावर मूत्रपिंड प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली आहे, तो हा माणूस. आपण बोलताना 'किडनी'च म्हणतो, म्हणून आता मीही तोच शब्द वापरते. जुन्या, थकलेल्या दोन किडन्या डॉक्टर बहुतेक वेळा जागच्या जागी राहू देतात. दुसऱ्या कुणाची निरोगी किडनी खाली ओटीपोटात, एका बाजूला बसवतात आणि तिथल्या रक्तवाहिन्यांना जोडतात. झाल्या की नाही तीन?

मोठी माणसं मग एकमेकांना सांगतात, "किडनी बदलली, आता बरा झाला हो!" हे खरंच आहे. पण अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं आज मला तुम्हाला सांगायचं आहे.

बारा बादल्यांचं काम

आपली किडनी असते आपल्याच मुठीएवढी, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराची. तिच्यात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. मोठ्या माणसाच्या दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. पंधरा लिटरच्या बादल्या घेतल्या तर किती झाल्या? बारा! त्यातलं कामाचं सगळं शरीरात परत जातं आणि जेमतेम दीड-दोन लिटर लघवी होऊन बाहेर पडतं. शिवाय रक्तदाब ताब्यात ठेवणं, नवं रक्त तयार करायला सांगणं, हाडं बळकट राखणं, हीसुद्धा किडनीचीच कामं.

मोठ्या माणसांच्या किडन्या बहुधा मधुमेहामुळे किंवा वाढलेल्या रक्तदाबामुळे बिघडतात. लहान मुलांच्या मात्र कधी जन्मापासूनच्या दोषानं, कधी किडनीला आलेल्या सुजेनं. दोन्ही किडन्या थकल्या की रक्तात घाण साचू लागते. मग रक्त यंत्रातून शुद्ध करून घ्यावं लागतं. त्याला म्हणतात डायलिसिस. असं यंत्र विलेम कोल्फ नावाच्या डॉक्टरांनी १९४३ साली नेदरलँड्समध्ये तयार केलं. महायुद्ध चालू, सामान मिळेना. म्हणून त्यांनी काय वापरलं असेल? लाकडी पट्ट्यांचा पिंप आणि सॉसेज भरायच्या सेलोफेनच्या नळ्या!

आजची यंत्रं खूप सुधारली आहेत. तरी सहसा आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास त्या यंत्राशेजारी पडून राहावं लागतं. शाळा बुडते. अंगात ताकद राहत नाही. उंची वाढायची थांबते. आणि सगळ्यांत मोठी शिक्षा म्हणजे पाणी मोजून प्यायचं. लघवी जवळजवळ होतच नाही, तर प्यायलेलं पाणी जाणार कुठे? ते अंगात साचतं, सूज येते, दम लागतो. म्हणून मे महिन्याच्या उन्हातसुद्धा दिवसभराचं पाणी एका लहानशा बाटलीत. घशाला कोरड पडली तर एक घोट. करून बघा बरं तुम्ही एक दिवस! नको, करू नका. नुसती कल्पना करा.

आणि मग नवी किडनी मिळते, लघवी सुरू होते, आणि डॉक्टर म्हणतात, "आता भरपूर पाणी प्यायचं!" ज्याला घोट मोजायची सवय लागली आहे, त्याला पहिल्यांदा तांब्याभर पाणी प्यायलासुद्धा धीर होत नाही.

दोन जुळे भाऊ

ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा यशस्वी झाली २३ डिसेंबर १९५४ रोजी, अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात. रिचर्ड आणि रोनाल्ड हेरिक हे जुळे भाऊ होते, तेवीस वर्षांचे. रिचर्डच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. रोनाल्ड आपली एक किडनी द्यायला तयार झाला. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री रिचर्डनं त्याला चिठ्ठी पाठवली, तू घरी निघून जा. आपल्यापायी भावाच्या जिवाला धोका नको, असं त्याला वाटलं असणार. रोनाल्डनं उलट निरोप धाडला, मी इथं आलोय आणि इथंच राहणार!

डॉ. जोसेफ मरे यांनी ती किडनी बसवली आणि ती चालू झाली. रिचर्ड खडखडीत बरा झाला. ज्या नर्सबाईंनी त्याची शुश्रूषा केली, त्यांच्याशीच त्यानं लग्न केलं, त्यांना दोन मुलं झाली. पुढे आठ वर्षं तो जगला. डॉ. मरे यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळालं. आणि एक किडनी देऊन टाकलेला रोनाल्ड? तो गणिताचा शिक्षक झाला आणि २०१० सालापर्यंत, म्हणजे आणखी छप्पन्न वर्षं जगला! एक निरोगी किडनी माणसाला पुरते, ती अशी.

आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९७१ साली ही शस्त्रक्रिया यशस्वी झाली. आता महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांतही ती होते.

दारावरचा राखणदार

आता एक प्रश्न. पहिल्यांदा जुळेच भाऊ का निवडले असतील? सांगा पाहू!

आपल्या शरीरात एक राखणदार असतो. म्हणजे एक नव्हे, पांढऱ्या पेशींची भली मोठी फौजच असते. अंगात कुणी परका शिरला की ती धावून जाते. सर्दीचे विषाणू, जखमेतले जंतू, सगळ्यांना ती हाकलते. म्हणून तर आपण जगतो. पण या राखणदाराला चोर आणि पाहुणा यांतला फरक कळत नाही. दुसऱ्याची किडनी त्याला परकीच वाटते, मग ती आईनं दिलेली का असेना! तो तिच्यावर हल्ला करतो. डॉक्टर म्हणतात, शरीरानं किडनी 'नाकारली'. हेरिक बंधू अगदी एकसारखे जुळे होते, म्हणून रिचर्डच्या राखणदाराला रोनाल्डची किडनी आपलीच वाटली.

पण प्रत्येकाला जुळा भाऊ कुठून आणायचा? मग शास्त्रज्ञ या राखणदाराला थोडं शांत करणारी औषधं शोधू लागले. गर्ट्रूड एलियन या अमेरिकन विदुषी आणि त्यांचे सहकारी जॉर्ज हिचिंग्ज यांनी असं एक औषध तयार केलं. त्याच्या बळावर १९६२ साली नात्यात नसलेल्या माणसाची किडनीही टिकली. या दोघांना इतर औषधांवरील कामासह १९८८ चं नोबेल मिळालं. पुढची दोन मोठी औषधं सापडली कुठे माहीत आहे? मातीत! एक नॉर्वेच्या पठारावरच्या मातीतल्या बुरशीत, तर दुसरं १९८४ साली जपानच्या मातीतल्या जिवाणूंत. त्या दुसऱ्या औषधाचं नाव टॅक्रोलिमस. आज किडनी बदललेल्या बहुतेक मुलांच्या गोळ्यांच्या डबीत ते असतंच.

काही दुखत नाही, हीच तर अडचण

आता ते उरलेलं अर्धं सांगते. राखणदार शांत होतो, पण विसरत नाही. पाच वर्षांनीसुद्धा नाही, दहा वर्षांनीसुद्धा नाही. म्हणून गोळ्या रोज घ्याव्या लागतात. बहुधा सकाळी आठ आणि रात्री आठ, मध्ये बारा तास. रविवार असो, दिवाळी असो, सहल असो, परीक्षा असो. किडनी चालते आहे तोवर.

"एवढंच ना? त्यात काय कठीण!" असं वाटेल तुम्हाला. ताप आला की आपण गोळी घेतो, कारण अंग दुखत असतं. बरं वाटलं की गोळ्यांची पट्टी कपाटात जाते. इथं सगळं उलटं आहे. अंगात ताकद आहे, भूक लागते, उंची वाढते, धावता येतं. आणि अगदी अशा वेळीच गोळी घ्यायची! एक दिवस चुकली तर काय होतं? काहीच जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी चुकली तरी काही जाणवत नाही. म्हणून मन म्हणतं, "बघ, काही झालं नाही." पण आत राखणदार जागा झालेला असतो. किडनी 'आई गं' म्हणत नाही. बऱ्याचदा रक्ततपासणीत क्रिएटिनिन नावाचा आकडा वाढतो, तेव्हाच कळतं. आणि तोवर कधी कधी उशीर झालेला असतो.

जगभरातल्या डॉक्टरांना एक गोष्ट सारखी दिसली आहे. बसवलेली किडनी जाण्याचा धोका सगळ्यांत जास्त कधी असतो? अगदी लहान बाळपणी नव्हे. तेरा-चौदा ते वीस-बावीस या वयात! लहानपणी गोळ्या आई देते. मोठेपणी माणूस स्वतः समजून घेतो. मधल्या वयात आईनं आठवण केली की राग येतो, आणि स्वतःला आठवण राहत नाही. शिवाय मित्रांसमोर डबी काढायला लाज वाटते. नववी-दहावीतल्या दादा-ताईंनो, या लाजेपायी किडनी गमावलेली मुलं डॉक्टरांनी पाहिली आहेत.

तुझ्यासाठी

हा मजकूर वाचणाऱ्यांत असं एखादं मूल असेलच, म्हणून हा भाग फक्त तुझ्यासाठी. बाकीच्यांनी वाचला तरी चालेल.

गोळ्यांची वेळ घड्याळाशी नको, एखाद्या रोजच्या कामाशी बांधून टाक. सकाळी दात घासून झाले की गोळी, रात्री जेवायचं ताट घेण्याआधी गोळी, किंवा डॉक्टरांनी सांगितलं असेल तसं. सोबतीला गजर लावच. सात दिवसांचे सात कप्पे असलेली डबी औषधाच्या दुकानात मिळते. रविवारी ती स्वतःच्या हातानं भर आणि आईला फक्त तपासायला दे. गावाला जाताना गोळ्या सामानाच्या मोठ्या बॅगेत नको, स्वतःजवळच्या पिशवीत ठेव, दोन-चार दिवसांच्या जास्तीच्या घेऊन. गोळी चुकलीच तर लपवू नकोस. पुढच्या वेळी दुप्पटही घेऊ नकोस. सरळ सांग आणि डॉक्टरांना विचार. उलट्या-जुलाब झाले तरी विचार, कारण अशा वेळी रक्तातलं औषधाचं प्रमाण बदलतं.

रक्ततपासणीच्या दिवशी बऱ्याचदा सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यायची असते. ती पिशवीत घालून ने. नाहीतर तपासणीच्या रांगेत उभं राहण्याच्या गडबडीत गोळी राहून जाते!

पाणी डॉक्टरांनी सांगितलं तेवढं पी. दप्तरात उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली असूच दे. हात साबणानं धू, खाण्याआधी तर नक्कीच. राखणदार शांत असल्यामुळे जंतूंना वाट मोकळी असते. म्हणून गाडीवरची पाणीपुरी, कापून ठेवलेली फळं, बर्फाचा गोळा, कच्चं दूध या गोष्टींना रामराम. वाईट वाटतं, ठाऊक आहे मला. पण घरी उकळलेल्या पाण्याची पाणीपुरी आई करू शकते, आणि ती सगळ्या मित्रांना बोलावून खाता येते!

पपनस आणि त्याचा भाऊ चकोतरा ही फळं मात्र घरचीसुद्धा नकोत, त्यांच्यामुळे औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं. डोकं दुखलं म्हणून कुणी हातावर ठेवलेली वेदनाशामक गोळी घेऊ नकोस. अशा काही गोळ्या किडनीला थेट इजा करतात. कुणी प्रेमानं दिलेला काढा किंवा जडीबुटीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ताप आला तर 'उद्या बघू' नाही, त्याच दिवशी कळवायचं. उन्हात टोपी आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, कारण या औषधांमुळे त्वचेला उन्हाचा त्रास अधिक होतो.

आणि रोज थोडं खेळ. तू काचेचं भांडं नाहीस.

मैदानावर

खेळता येतं? वा, का नाही! एरिस मेरिट या अमेरिकन खेळाडूनं २०१२ साली लंडन ऑलिंपिकमध्ये ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवलं आणि त्याच वर्षी १२.८० सेकंदांचा विश्वविक्रम केला. नंतर त्याच्या किडन्या बिघडल्या. २०१५ च्या ऑगस्टअखेरीस बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत तो तशाच अवस्थेत धावला आणि त्यानं कांस्यपदक मिळवलं. त्यानंतर चारच दिवसांनी त्याच्या बहिणीची किडनी त्याला बसवण्यात आली. २०१७ साली लंडनच्या जागतिक स्पर्धेत अंतिम शर्यतीच्या रेषेवर तो पुन्हा उभा होता!

क्रोएशियाचा फुटबॉलपटू इव्हान क्लास्निच याला २००७ साली आईनं किडनी दिली, पण शरीरानं ती नाकारली. मग वडिलांनी दिली, ती लागू पडली. पुढच्याच वर्षी युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत त्यानं आपल्या देशासाठी गोल केले. अवयव बदललेल्यांची जागतिक क्रीडास्पर्धा तर १९७८ साली इंग्लंडमधल्या पोर्ट्समथला सुरू झाली. भारताचे खेळाडूही त्यात उतरतात. आणि मैदानाबाहेर पाहायचं तर आपल्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांच्यावर डिसेंबर २०१६ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये ही शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर मे २०१९ पर्यंत त्यांनी मंत्रिपद सांभाळलं.

नवी किडनी पोटात पुढच्या बाजूला असते, बरगड्यांचा आडोसा तिला नसतो. म्हणून कुस्ती, कबड्डी, मुष्टियुद्ध असे धक्काबुक्कीचे खेळ डॉक्टर सहसा नको म्हणतात. पण चालणं, धावणं, बॅडमिंटन, सायकल, टेबल टेनिस यांना शस्त्रक्रियेची जखम भरल्यावर, त्यांच्या परवानगीनं हरकत नसते.

आणि तुमच्या वर्गात?

आता बाकीच्या सगळ्यांनी कान टवकारा! समजा, तुमच्या वर्गातली एक मुलगी दिवाळीनंतर दिसेनाशी झाली. फेब्रुवारीत ती परत आली. तोंडावर मास्क आहे. चेहरा गोल गरगरीत झाला आहे. ती किडनी बदलून आली आहे, असं बाईंनी सांगितलं. तुम्ही काय कराल?

पहिली गोष्ट, तिला कुठलंही नाव ठेवू नका. गाल फुगतात ते स्टेरॉइड नावाच्या औषधानं. काही औषधांनी अंगावर केस वाढतात, काहींनी हिरड्या सुजतात. डोस कमी झाला की यातलं पुष्कळसं ओसरतं. तुम्ही मात्र 'लाडू' म्हणालात तर काय होईल ठाऊक आहे? ती गोळ्या टाळू लागेल. तोंड बारीक दिसावं म्हणून! तुमच्या एका थट्टेची किंमत तिच्या किडनीला मोजावी लागेल.

दुसरी गोष्ट, तिचं अक्षर. टॅक्रोलिमसमुळे काहींचे हात किंचित थरथरतात. कालपर्यंत मोत्यासारखं अक्षर असलेल्या मुलीची वही आज वेडीवाकडी दिसली, तर तो आळस नव्हे. हे आम्हा शिक्षकांनीही ध्यानात ठेवायला हवं. अक्षराचे गुण कापण्याआधी हाताकडे पाहायला हवं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. तुम्हाला कांजिण्या किंवा गोवर आला, तर त्याच दिवशी घरच्यांना शाळेत कळवायला सांगा. तुम्ही आठवडा-दीड आठवड्यात उठून खेळू लागाल. तिला मात्र त्याच कांजिण्या जिवावर बेतू शकतात. वेळेत कळलं तर डॉक्टर तिला आधीच औषध देऊ शकतात. तुमचा एक निरोप म्हणजे तिचं संरक्षण! आणि सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी तिच्या बाकावर बसायचं नाही. रुसवा म्हणून नाही, मैत्री म्हणून. तिच्यामुळे मात्र तुम्हाला काहीही होत नाही. किडनीचा हा आजार शेजारी बसून, डबा वाटून लागत नाही.

चौथी गोष्ट. तिला तासाला पाणी प्यायला आणि लघवीला जायला परवानगी लागू नये. यात फक्त तिचंच भलं आहे असं नाही हं. शाळेतली स्वच्छतागृहं घाण असतात म्हणून किती मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत, हे मी रोज पाहते. तिच्या निमित्तानं शाळेचं स्वच्छतागृह स्वच्छ राहिलं, साबण आला, नळाला पाणी आलं, तर ते सगळ्यांच्याच किडन्यांसाठी चांगलं आहे. मुख्याध्यापकांना वर्गानं मिळून अर्ज लिहा. अर्जलेखन अभ्यासात आहेच की!

पाचवी गोष्ट. "दाखव ना टाके!" असं म्हणू नका. तिला वाटलं तर ती सांगेल. त्याऐवजी खेळायला हाक मारा. नुसतं गुण मोजायला बसवू नका, खरं खेळायला घ्या.

आई-बाबांसाठी चार ओळी

पालकहो, शस्त्रक्रियेनंतरची पहिली वर्षं भीतीत जातात, आणि ती भीती साहजिक आहे. पण मुलाला कायमचं आजारी समजू नका. गोळ्यांची जबाबदारी एका दिवसात मुलावर टाकूही नका आणि अठराव्या वर्षापर्यंत स्वतःकडे धरूनही बसू नका. आठव्या-नवव्या वर्षी त्याला औषधांची नावं पाठ हवीत. बाराव्या वर्षी डबी भरता यावी. पंधराव्या वर्षी डॉक्टरांशी स्वतः बोलता यावं. तुम्ही मागे उभे राहा. गोळी चुकली असं मुलानं कबूल केलं, तर रागावण्याआधी 'बरं झालं सांगितलंस' म्हणा. नाहीतर पुढच्या वेळी ते सांगणार नाही.

नवी लस देण्याआधी किडनीच्या डॉक्टरांना विचारा. जिवंत जंतूंपासून केलेल्या लशी या मुलांना सहसा देत नाहीत. घरातल्या धाकट्या भावंडाला पोलिओचे थेंब पाजण्याआधीही विचारून घ्या.

आपल्याकडे किडनी देणारी व्यक्ती पुष्कळदा आई असते. मुलाच्या तारखा सांभाळताना ती स्वतःची तारीख विसरते. तिचीही वर्षातून एकदा रक्तदाब, लघवी आणि रक्त यांची तपासणी व्हायला हवी. आणि आणखी एक विनंती. "मी तुला किडनी दिली आणि तू असा वागतोस?" हे वाक्य कितीही राग आला तरी उच्चारू नका. दिलेली वस्तू दिली. तिचं ओझं झालं, की मूल त्या ओझ्यापासून पळू पाहतं.

ज्यांच्या घरात कुणाची किडनी जुळत नाही, ते मृत्यूनंतर अवयव देणाऱ्यांची वाट पाहत यादीत थांबलेले असतात. भारतात याविषयीचा कायदा १९९४ साली झाला. किडनी विकणं किंवा विकत घेणं हा त्यात गुन्हा आहे. देणं मात्र मोठं पुण्याचं काम. अठरा वर्षांखालच्या मुलाला स्वतःची किडनी सहसा देता येत नाही, तेव्हा मुलांनो, तुम्ही आत्ता ती द्यायची नाही. पण या विषयावर आई-बाबांशी आणि आजी-आजोबांशी आज रात्री जेवताना बोलता येईल. मृत्यूनंतर अवयव द्यायचे की नाही, हे घरच्यांनाच विचारतात, आणि घरात आधी बोलणं झालेलं असलं तर उत्तर देणं सोपं जातं.

या आठवड्याचं काम

आज एक कागद घ्या. त्यावर सात दिवसांची चौदा चौकटींची सारणी आखा, सकाळी आठ आणि रात्री आठ. घरी रोज औषध घेणारं कुणी आहे का ते बघा. आजीची रक्तदाबाची गोळी असेल, आजोबांची साखरेची असेल. त्यांच्या वेळा लिहा, आणि आठवडाभर त्यांनी गोळी घेतली की चौकटीत खूण करा. घरी कुणी औषध घेत नसेल तर त्याच वेळांना स्वतः एक ग्लास पाणी प्या आणि खूण करा. एकही चौकट रिकामी राहता कामा नये!

आठवड्याच्या शेवटी किती चौकटी भरल्या ते प्रामाणिकपणे मोजा. चौदा भरल्या असतील तर शाब्बास. दोन-तीन राहिल्या असतील तरी हरकत नाही. तुमच्या एवढ्याच लक्षात येईल, की किडनी बदललेलं मूल वर्षाला अशा सातशे तीस चौकटी भरत असतं, आणि वर शाळेचा गृहपाठही करत असतं. त्याच्या शेजारी बसायला मिळालं, तर रात्री आठाच्या सुमारास त्याला एक फोन करून विचारा, "काय रे, आठ वाजले. घेतल्यास ना?"